१४४ नियमांची वही

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी वीस वर्षांची, टेक्स्टाइल डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. कॉलेजची अकरा जणांची तुकडी जुलैमध्ये तीन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्यावर जपानला, क्योटोला निघाली आहे. दोन आठवडे तिथल्या विद्यापीठात वर्ग आणि विणकरांच्या कारखान्यांना भेटी, शेवटचा आठवडा एका जपानी कुटुंबात मुक्काम. हिचा हा पहिलाच परदेश प्रवास. दोन महिने व्हिडिओ पाहून आणि लेख वाचून तिनं जपानी शिष्टाचारांची वही तयार केली आहे. नियम १४४ झालेत आणि झोप उडाली आहे. तुकडीतलीच जवळची मैत्रीण म्हणते, ‘फाडून टाक ती वही, माणसं सगळीकडे सारखीच असतात, गेल्यावर कळेल.’ हिला ते बेफिकीर वाटतं. ‘माझ्या हातून चूक झाली तर ते म्हणतील, भारतीय असेच. शिवाय मी शाकाहारी आहे, यजमानीणबाईंनी केलेलं नाकारलं तर तो अपमान होईल का? आणि तिथं प्रत्येकाला आपल्या संस्कृतीवर दहा मिनिटं बोलायचंय. जपानबद्दल मी तासभर बोलेन ताई, पण स्वतःबद्दल काय बोलू? माझं बरोबर की मैत्रिणीचं?’

प्रिय मैत्रिणी,

वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेस ते बरं केलंस. अक्षर सुरेख आहे. नियम क्रमांक ३७, ‘वाकताना १५, ३० की ४५ अंश’, याच्या बाजूला तू कोनमापक काढलायस, तो बघून मी आधी हसले आणि मग मला जरा वाईट वाटलं. दोन महिने एखाद्या देशाबद्दल वाचायचं आणि त्यातून हाती काय यावं, तर धास्ती. वाचनात काही चुकलं नाही तुझं. फक्त तू ते परीक्षेसारखं वाचलंस.

तुझ्या पत्रात एक वाक्य दोनदा आलंय: चूक झाली तर भारतीय असेच, असं ते म्हणतील. हे ‘ते’ कोण? एका आठवड्यासाठी परदेशी मुलीला घरात ठेवून घेणारं कुटुंब ना? आपल्या चालीरीती ठाऊक नसलेलं माणूस येणार, हे कबूल करूनच त्यांनी दार उघडलंय. त्यांनी याआधीही विद्यार्थी ठेवले असतील, तर तू करशील त्या निम्म्या चुका त्यांच्या बघून झाल्या असतील. देशाची इभ्रत वीस किलोच्या बॅगेत भरून नेऊ नकोस, तिथं आधीच जागा कमी असते.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. पुष्कळ वर्षांपूर्वी मीही अशीच एका जपानी घरात राहिले होते. पहिल्या रात्री पाहुणी म्हणून आंघोळीचा पहिला मान मला मिळाला. मी टबात बसले, मजेत अर्धा तास काढला आणि निघताना, आपली घाण आपण साफ करावी या संस्काराला जागून, टबाचं बूच ओढून सगळं पाणी सोडून दिलं. जपानी घरात टबातलं ते गरम पाणी सगळ्या कुटुंबाचं असतं. साबण लावणं, घासणं, धुणं हे सगळं टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून उरकायचं आणि पूर्ण स्वच्छ होऊन मग नुसतं शेकायला पाण्यात उतरायचं. एकामागून एक सगळे त्याच पाण्यात बसतात. बऱ्याच घरांत उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी धुण्याच्या यंत्रालाही वापरतात. माझ्यानंतर आजींचा नंबर होता आणि त्या टॉवेल घेऊन तयार उभ्या होत्या. यजमानीणबाई ‘दाइजोबु, दाइजोबु’ म्हणाल्या, म्हणजे काही हरकत नाही, आणि टब परत भरायला लावला. आजी मात्र आठवडाभर मला बघितलं की बूच ओढल्याचा अभिनय करून दाखवायच्या.

माझ्याकडेही तेव्हा नियमांची यादी होती. त्यात ‘टबात उतरण्याआधी अंग धुवा’ हे होतं आणि ते मी पाळलंही. बुचाबद्दल कुणी लिहिलं नव्हतं. पाणी सामायिक असतं, एवढी एकच गोष्ट मला कुणी सांगितली असती, तर धुवायचं बाहेर का, साबण आत का न्यायचा नाही, बुचाला हात का लावायचा नाही, हे सगळं मी आपलं आपण ओळखलं असतं. तुझ्या वहीची अडचण नेमकी हीच आहे. तिच्यात ‘काय’ १४४ वेळा आलंय आणि ‘का’ फारच थोड्या वेळा.

म्हणून वही फाडू नकोस, तिची छाटणी कर. प्रत्येक नियमासमोर कारण लिहायचा प्रयत्न कर. उदाहरणार्थ, चॉपस्टिक भातात उभ्या खुपसू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये, हे तुझे दोन वेगळे नियम आहेत, क्रमांक ११ आणि १२. दोन्हीचं मूळ एकाच ठिकाणी आहे. मृत माणसापुढे ठेवलेल्या भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या रोवतात. आणि दहनानंतर घरची माणसं अस्थी चॉपस्टिकनं उचलून कलशात ठेवतात, त्या वेळी एकच अस्थी दोघं मिळून धरतात किंवा एकमेकांकडे देतात. जेवणाच्या टेबलावर तसं घडलं की त्यांना काय आठवत असेल, हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. अस्थी वेचणं आपल्याकडेही आहे. एकदा हे वाचल्यावर ११ आणि १२ तू जन्मात विसरणार नाहीस.

ज्या नियमांचं कारण सापडणार नाही, त्यातले निम्मे बहुधा नियमच नसतील. क्रमांक ८८ बघ: ‘क्योटोत यजमानांनी बुबुझुके, म्हणजे चहा घातलेला भात, हवाय का असं विचारलं तर ती निघून जाण्याची सूचना समजावी.’ क्योटोच्या लोकांच्या आडवळणी बोलण्यावरचा हा जुना, सगळ्या जपानला माहीत असलेला विनोद आहे. रंगमंचावरच्या कथाकथनातही तो येतो. एखाद्या आजीनं खरोखरच भूक लागली असेल म्हणून विचारलं आणि तू घाईघाईनं बॅग भरायला घेतलीस, तर काय होईल विचार कर.

क्रमांक ५२: ‘सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहावं.’ हे टोकियोचं. ओसाकात उजवीकडे उभे राहतात. क्योटोत दोन्ही बघायला मिळतं, पुढचा माणूस करेल ते करायचं. आणि मजा अशी की, घाईवाल्यांसाठी एक बाजू मोकळी सोडायची ही पद्धतच आता वादात आहे, कारण त्यात पडझड होते. साइतामा प्रांतानं २०२१ मध्ये आणि नागोया शहरानं २०२३ मध्ये जिन्यावर न चालता थांबूनच जावं असा स्थानिक कायदा केला. म्हणजे तू जो नियम पाठ करतेयस, त्यावर तिथल्या लोकांचंच एकमत नाही. कुठल्याही जिवंत समाजात असंच असतं. आपल्या घरात तरी सगळ्यांचं कशावर एकमत असतं?

मग सांभाळायचं काय? माझ्या मते, जिथं दुसऱ्या माणसाला खरोखर त्रास होतो किंवा तू स्वतः अडचणीत येतेस, तेवढं पक्कं लक्षात ठेव. आंघोळीचं सांगून झालं. घरात शिरताना दाराशी एक खालची पायरी असते, बूट तिथंच उतरवायचे. तातामीच्या चटईवर सपातासुद्धा चालत नाहीत, आणि संडासाच्या वेगळ्या सपाता असतात, त्या तिथंच ठेवून बाहेर यायचं (ही चूक सगळेच करतात, तूही करशील). ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. कचरा खिशात किंवा पिशवीत घेऊन हिंडायची सवय कर, कारण रस्त्यावर डबे जवळपास नसतातच. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक ठिकाणचे पुष्कळ डबे काढून टाकले गेले. घरातला कचरा जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे असा वेगवेगळा टाकतात आणि प्रत्येकाचा वार ठरलेला असतो. तो तक्ता पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून हातातली वस्तू दाखव आणि ‘दोको?’ म्हणजे कुठे, एवढं विचार.

क्योटोतली एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घे. गिओन भागातल्या मायको, म्हणजे गेइशा होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुली, कामावर जाताना पर्यटक त्यांचा पाठलाग करून फोटो काढतात, किमोनो ओढतात. वैतागून तिथल्या रहिवाशांनी २०२४ मध्ये खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्या. त्या मुली तुझ्याच वयाच्या किंवा तुझ्याहून लहान असतात. किमोनोचा अभ्यास करायला आलीय, हे सांगूनही कुणी तुला तिथं फोटो काढू देणार नाही, आणि देऊही नये.

औषधांचं आत्ताच बघून ठेव, कारण यात ‘माहीत नव्हतं’ चालत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही बंधनं आहेत. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणि महिन्याभरापुरतीच ने. पासपोर्ट कायम जवळ बाळग. थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशी माणसानं तो बरोबर ठेवावा असा तिथला कायदाच आहे. पोलीस ११०, आग आणि रुग्णवाहिका ११९. भूकंपाच्या बातमीत ‘शिंदो’ ३ किंवा ४ असं ऐकलंस तर ते रिश्टरसारखं नव्हे. त्या त्या ठिकाणी जमीन किती हलली याचं ते ० ते ७ असं मोजमाप आहे.

आता मैत्रिणीकडे वळू. माणसं सगळीकडे सारखीच असतात, हे तिचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण मला ते अर्धवट वाटतं. भूक, कौतुक, लाज, आईची काळजी हे सारखं असतंच. पण ते बोलून दाखवायची रीत सारखी नसते, आणि गैरसमज रीतीमुळेच होतात. समज, तू यजमानीणबाईंना विचारलंस, रात्री अकरापर्यंत बाहेर राहू का? त्या किंचित मान तिरकी करून म्हणतील, ‘चोत्तो...’ आणि थांबतील. चोत्तो म्हणजे थोडंसं. तुझ्या मैत्रिणीला वाटेल, थोडा वेळ चालेल. त्या नाही म्हणाल्या आहेत. वाक्य अर्धवट सोडलं की नकार पुरा झाला.

यावर तुझ्या वहीत ‘होन्ने आणि तातेमाए: मनातलं आणि दाखवायचं’ असं मोठं प्रकरण आहे, बाणांच्या आकृत्यांसह. त्यात एवढं गूढ काही नाही गं. लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघू, जमवते’ म्हणणारी बाई येणार नाही हे तुला कळतंच ना? कान तयार आहे तुझा, फक्त सूर नवा आहे. तसंच त्यांच्या ‘हाय’चं. हाय म्हणजे हो, पण तू बोलत असताना समोरचा दर वाक्याला ‘हाय, हाय’ म्हणत असेल तर तो सहमत आहे असं नव्हे. तो हुंकार देतोय, ऐकतोय एवढंच. गोष्ट सांगताना हुंकार आला नाही तर आपण नाही का विचारत, ‘झोपलास का रे?’ तेही तुझ्या हुंकाराची वाट बघतात. नुसती डोळे मोठे करून शांत ऐकत राहिलीस, तर त्यांना वाटेल हिला काही कळत नाहीये.

तेव्हा तयारी हवी, पण वहीबाहेरची. तुझ्याकडे सहा आठवडे आहेत. पैकी पहिले दोन हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्या शिकण्यात घाल, रोज अर्धा तास. प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं आहेत, आणि मराठी माणसाला ती अवघड जात नाहीत, कारण त्यांचा क्रमच ओळखीचा आहे: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास तिकडे पोचला, त्याची छाप या क्रमावर आहे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळ. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क गेले तर कुणी रुसत नाही, इथं चाळिशीची बाई रुसू शकते. घडाघडा बोलण्याइतकं जपानी सहा आठवड्यांत येणार नाही, ते सोडून दे. पण स्टेशनची पाटी वाचता आली आणि दुकानातल्या पाकिटावरचं एखादं नाव उलगडलं की भीती जी पळते, ती १४४ नियमांनी पळत नाही.

नंतरचे आठवडे एकाच विषयाला दे. ‘जपानी संस्कृती’ असं काही घाऊक वाचायला जाऊ नकोस. तू कापडाची मुलगी आहेस, कापडातून आत शिर. ज्या निशिजिन भागातल्या मागांवर तुम्हाला नेणार आहेत, त्याच्या नावाचा अर्थ ‘पश्चिमेची छावणी’. १४६७ ते १४७७ अशी दहा वर्षं चाललेल्या ओनिन युद्धात क्योटो बेचिराख झालं. पश्चिमेकडच्या सैन्यानं जिथं तळ टाकला होता, तिथं युद्धानंतर परतलेले विणकर वसले. पुढे राजधानी टोकियोला गेली, दरबारी गिऱ्हाईक आटलं, तेव्हा १८७० च्या दशकात याच विणकरांनी आपली माणसं फ्रान्समधल्या ल्यों शहरात पाठवून जकार्ड, म्हणजे नक्षी आपोआप विणणारे, माग आणले. म्हणजे ज्याला आपण ‘हजार वर्षांची परंपरा’ म्हणून हात जोडतो, ती मोडत, उसनं घेत, पोट भरायची धडपड करत इथवर आलीय. हे डोक्यात ठेवून मागासमोर उभी राहिलीस, तर ‘किती सुंदर’ याच्या पुढचं काहीतरी विचारता येईल. भाड्याचं काय, सूत कुठून येतं, मुलं हे काम करतात का.

आणि जुलै! गिओन मात्सुरीचा महिना तुम्हाला आयता मिळालाय. ८६९ साली रोगाची साथ पसरली, तेव्हा ती शमावी म्हणून हा उत्सव सुरू झाला. १७ आणि २४ जुलैला रथांच्या मिरवणुका निघतात. ‘गिओन’ हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? श्रावस्तीच्या जेतवन विहाराचं जे जपानी नाव, त्यातून. आणि तुझ्या कामाची खरी गोष्ट पुढे आहे: या रथांवर जी कापडं आणि गालिचे लटकवतात, त्यांत युरोपातली, इराणी, चिनी आणि भारतीय विणकामं आहेत. जपाननं परदेशी व्यापार नागासाकीच्या देजिमा बेटापुरता आवळून धरला होता, त्या काळात डच जहाजांतून यातला बराचसा माल आला आणि क्योटोच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या रथासाठी विकत घेतला. त्यातले काही गालिचे सतराव्या-अठराव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये विणले गेले असावेत, असं गालिच्यांचे अभ्यासक मानतात. छापील सुती कापडही भारतातून गेलं. त्याला जपानीत सारासा म्हणतात. इथं विणकरानं ते कुणासाठी विणलं असेल, आणि ते कुणाच्या देवाच्या रथावर जाऊन बसलं!

एक विनंती. हे सगळं कळल्यावर तिथं जाऊन ‘हे तर आमचंच’ असं म्हणू नकोस. वर्णमालेचा क्रम, जेतवन, सरस्वतीची झालेली बेन्झाइतेन ही जपानी देवी, गालिचे, असं करत करत आपल्या लोकांना फार लवकर चढतं. तिकडे गेल्यावर त्या गोष्टींचं त्यांनी काय केलं, ते बघायला आपण जातोय.

जेवणाचं. इथं तुझी भीती रास्त आहे, पण अपमानाचा प्रश्न नाही, माहितीचा आहे. अडचण मांसाची नसून दाशीची आहे. दाशी म्हणजे रस्सा, सूप, भाज्या यांत घालायचं मूळ पाणी, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून करतात. त्यामुळे ‘मी व्हेजिटेरियन’ एवढंच सांगितलंस तर तुझ्यापुढे प्रेमानं माशाच्या पाण्यातली भाजी येईल, आणि वाढणाऱ्याच्या मनात खोट नसेल. आत्ताच, दौऱ्याच्या समन्वयकांमार्फत, लेखी कळव: मांस नाही, मासा नाही, माशाची दाशीही नाही, कोम्बु या समुद्री शैवालाची दाशी चालेल, अंडं आणि दूध चालतं की नाही. तोंडी सांगायला ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, मांस आणि मासे खात नाही. ताटात वाढल्यावर नाकारणं सगळ्यांनाच कानकोंडं करतं. महिनाभर आधी सांगितलं तर यजमानीण उलट नवं काहीतरी करून बघेल. शिवाय तू क्योटोत आहेस, तिथल्या देवळांमध्ये शोजिन र्‍योरी हा निव्वळ शाकाहारी स्वयंपाक शेकडो वर्षं चालत आलाय. मांसाहाराबद्दल जपानचा इतिहासही वाटतो तितका सरळ नाही. ६७५ साली सम्राट तेम्मूनं गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातल्या काही महिन्यांसाठी बंदी घातली होती, आणि १८७२ मध्ये सम्राट मेइजीनं गोमांस खाल्ल्याचं मुद्दाम जाहीर केलं गेलं, लोकांची भीड चेपावी म्हणून. एक मात्र आधीच मनाशी ठरव: चुकून माशाचं पाणी पोटात गेलं, तर तू काय करणार आहेस? उत्तर काहीही असो, ते विमानात बसण्याआधी तुझं तुला माहीत हवं.

भेटवस्तू महागडी नेऊ नकोस. तिथं भेटीची परतफेड करायची चाल आहे, मोठी वस्तू दिलीस तर तू त्यांच्यावर काम लादलंस. तू स्वतः रंगवलेला एखादा रुमाल पुरे. तुझ्यासमोर त्यांनी तो उघडला नाही, तर आवडला नाही असं समजू नकोस.

राहिलं तुझं भाषण, ज्याबद्दल तू शेवटच्या दोन ओळींत, जणू लाजत लिहिलंयस. मला तर तोच या पत्राचा गाभा वाटला. दोन महिने तू जपानी माणूस समोर बसला तर काय करायचं, याची तालीम केलीस. तो समोर बसून तुझ्याबद्दल विचारील, हे तुझ्या तालमीत नव्हतंच. विचारणारच. घरात कोण कोण आहे, लग्न आईवडील ठरवतात का, इतक्या भाषा असून एकमेकांशी बोलता कसे. आणि कुणीतरी, बहुधा तुझ्याच वयाचा विद्यार्थी, जातीबद्दल विचारील.

तिथं काय बोलायचं, हे मी सांगणार नाही. तुझ्या घरानं आणि तू जे पाहिलंयस तेच तू सांगावंस. पण ‘आता तसं काही राहिलं नाही’ हे झटपट उत्तर देऊ नकोस आणि ‘तुमच्याकडे सगळे कसे एकसारखे’ असंही म्हणू नकोस. क्योटोतच, ३ मार्च १९२२ रोजी ओकाझाकीच्या सार्वजनिक सभागृहात, सुइहेइशा ही संघटना स्थापन झाली. कातडी कमावणं, जनावरं कापणं अशा कामांवरून पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य ठरवलेल्या बुराकु समाजाची ती चळवळ. कागदोपत्री तो दर्जा १८७१ लाच रद्द झाला होता. तरीही या भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो अगदी अलीकडे, २०१६ मध्ये. उत्तरेतल्या ऐनू लोकांना मूळनिवासी म्हणून कायद्यानं मान्यता मिळाली २०१९ मध्ये. जपानमधल्याच कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ पासून. यजमानांच्या जेवणाच्या टेबलावर तू हे विषय काढावेस असं मी म्हणत नाही, पहिल्याच दिवशी तर नकोच. पण तुला माहीत असलं, तर प्रश्न आल्यावर तुझी मान खालीही जाणार नाही आणि उगाच ताठही होणार नाही.

दहा मिनिटांत ‘भारतीय संस्कृती’ मावत नाही. एक वस्तू ने. तुझ्या घरात गोधडी असेलच. कुणाच्या साडीचा कुठला तुकडा त्यात आहे, टाका कुणी घातला, ती कुणाच्या अंगावर होती, एवढं सांगायला दहा मिनिटं अपुरी पडतील. त्यांच्याकडे साशिकोचा धावदोरा आहे, उत्तरेकडच्या गरीब शेतकऱ्यांची ठिगळावर ठिगळ लावलेली बोरो वस्त्रं आहेत. गोधडी टेबलावर पसरलीस की कुणीतरी उठून हात लावून बघेल आणि आपल्या आजीचं काहीतरी सांगायला लागेल. त्या वेळी हुंकार दे.

मैत्रिणीला माझा नमस्कार सांग आणि तिच्याकडून एक गोष्ट घे: ती घाबरत नाही. तिलाही तुझ्याकडून काहीतरी लागेल. औषधांचा परिच्छेद तिला आजच वाचून दाखव.

मिरवणुकीच्या आधीच्या संध्याकाळी रथ रस्त्यात उभे असतात आणि कापडं जवळून बघता येतात. काही रथांवर मूळ विणकाम जपून ठेवून त्याची प्रतिकृती लावलेली असते, तेव्हा मूळ कुठं आहे ते विचार. जवळच्या काही जुन्या घरांतून पिढीजात पडदे आणि वस्त्रं रस्त्यावरून दिसतील अशी मांडून ठेवतात. ‘कोरे वा नान देस्‌ का’, हे काय आहे, एवढं वाक्य घोटून जा. गर्दी खूप असेल आणि क्योटोचा जुलै म्हणजे घामाच्या धारा. तिथं जो तो हातरुमाल बाळगून असतो, कारण स्वच्छतागृहात हात पुसायला बऱ्याचदा काही नसतं. तू तीन ने.

तुझी,
ताई